भिंतीच्या पोटातली काचेची काडी

मे महिन्यात जालन्यात रात्री नऊ वाजता पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघा. सूर्य मावळून दोन तास झालेत, वाराही सुटलाय, पण भिंत? चांगली गरम! दिवसभर प्यायलेलं ऊन ती आता सावकाश घरात सोडत बसलेली असते. पंखा लावला तर तोही गरम वाराच फिरवतो. शेवटी सगळे गाद्या उचलून गच्चीवर.

यावर उपाय काय? थर्माकोल! थर्माकोल म्हणजे बहुतेक हवाच, बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली. तेवढ्याच जाडीचं काँक्रीट थर्माकोलच्या सुमारे पन्नासपट उष्णता आत सोडतं. मग भिंत थर्माकोलचीच का बांधू नये? बांधा की. पहिल्या वळवाच्या पावसात ती शेजारच्या गल्लीत सापडेल.

म्हणून इंजिनिअर लोकांनी एक युक्ती काढली. बाहेर काँक्रीटची पाटी, आत काँक्रीटची पाटी आणि मध्ये थर्माकोलचा किंवा त्याच्यासारख्याच फोमचा थर. अशी भिंत जागेवर बांधत नाहीत. ती कारखान्यात आडवी निजवून ओततात. आधी साच्यात खालचं काँक्रीट, ते ओलं असतानाच त्यावर फोमचे तक्ते, त्यावर पुन्हा काँक्रीट. घट्ट झालं की क्रेननं उचलायचं, ट्रेलरवर घालायचं आणि इमारतीच्या जागी नेऊन उभं करायचं. यालाच प्रीकास्ट पॅनल म्हणतात.

आता जरा हिशोब करू. बाहेरची पाटी ७५ मिलिमीटर जाड धरा, म्हणजे साधारण तीन इंच. अशा पाटीचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे १८० किलोचा भरतो. पॅनल ६ मीटर लांब आणि ३ मीटर उंच असेल, तर एकटी बाहेरची पाटीच सव्वातीन टनांच्या आसपास! आणि ती टेकलीय कशाला? थर्माकोलला! बोटानं दाबलं तरी ज्यात खड्डा पडतो त्या थर्माकोलला!

अर्थात ती नुसती टेकलेली नसते. आजीची गोधडी आठवा. वरचं कापड, खालचं कापड आणि मध्ये जुन्या लुगड्यांचे पदर. पण गोधडीला गोधडीपण येतं ते धावदोऱ्यानं. टाके उसवले की आतलं सगळं एका कोपऱ्यात गोळा होतं. पॅनललाही असेच टाके असतात. फोमला भोकं पाडून त्यातून पिना घालतात. प्रत्येक पिनेचं एक टोक खालच्या काँक्रीटमध्ये रुततं, दुसरं वरच्या. या पिनांना कारखान्यात कनेक्टर म्हणतात. पॅनल तयार झालं की त्या कायमच्या आत गडप होतात, पुन्हा कुणाला दिसत नाहीत. आज मी सांगणार आहे ती गोष्ट या न दिसणाऱ्या पिनेची.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण दोन पदरी भिंत मराठवाड्याला नवी नाही. आपल्याकडची जुनी दगडी घरं बघितलीत? दोन-अडीच फूट जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते. पण गवंडी ती दोन पदरांत रचायचा. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी आणि मधल्या पोकळीत मातीत कालवलेले बारके दगड. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. आजोळी असं घर असेल, तर उन्हाळ्यात आत किती गार वाटतं ते तुम्हीच मला सांगाल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. नंतर तज्ज्ञांनी पडलेल्या भिंती तपासल्या, तेव्हा ठिकठिकाणी तोच प्रकार दिसला. हादऱ्यानं भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा पदर फुगला, ढासळला आणि माळवदाचं मोठं ओझं खाली आलं. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हतेच! आरपार दगड म्हणजे भिंतीच्या जाडीएवढा लांब दगड, ज्याचं एक तोंड बाहेर आणि दुसरं आत. भूकंपाला टिकणारी दगडी भिंत कशी बांधावी याचे भारतीय मानकाचे नियम आहेत. त्यांत उंचीत साधारण दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर असा एक दगड घालावा, असं सांगितलंय. भूकंपातून वाचलेल्या घरांचं मग काय केलं माहितीय? भिंतीतला एखादा दगड अलगद काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. म्हणजे उभ्या भिंतीला मागाहून टाका घालायचा!

तेव्हा पदर कितीही भक्कम असू देत, त्यांना जोडणारी वस्तू कच्ची असेल तर भिंत कच्ची. म्हणून तर या पिनेचा एवढा छळ करून बघतात.

आता पिन कशाची करायची? जालनेकराला हा प्रश्नच पडणार नाही. पोलादाची, दुसरी कशाची! जालना म्हणजे सळयांचं गाव. इथल्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळवतात, त्याचे लांबट ठोकळे ओततात. त्यांना बिलेट म्हणतात. ते लालभडक तापवून रोलांमधून लाटत लाटत सळई होते. शेवटी तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात. वरची साल झटकन गार होऊन टणक होते, गाभा मात्र सावकाश निवतो आणि जरा लवचीक राहतो. पुढच्या वेळी बांधकामाशेजारी सळयांचा ढीग दिसला की नीट बघा. तिरक्या रेघांच्या मध्येच कंपनीचं नाव आणि एफई ५०० डी असं काहीतरी उठावात छापलेलं असेल. त्यातला ५०० म्हणजे सळईच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरनं किमान ५०० न्यूटन ओढ झेलली पाहिजे, तोवर कायमचं ताणलं जायचं नाही. करंगळीएवढ्या, १२ मिलिमीटरच्या सळईचा हिशोब केला तर साडेपाच टनांच्या वर जातो.

एवढी दणकट वस्तू घरची असताना दुसरीकडे बघायचंच कशाला? उष्णतेपायी. पोलादातून उष्णता अशी धावते की विचारू नका. थर्माकोलच्या मानानं सुमारे १४०० पट! वही-पेन्सिल घ्या, ढोबळ हिशोब करू. एक चौरस मीटर भिंत म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर. त्यात एक-एक चौरस सेंटिमीटरच्या चार पोलादी पिना घातल्या. चारच! पण ४ गुणिले १४०० म्हणजे ५,६००. त्या चार पिना एकट्याच ५,६०० चौरस सेंटिमीटर थर्माकोलइतकी उष्णता आत आणतात. उरलेला सगळा थर्माकोल ९,९९६ चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे भिंतीतून येणारी उष्णता दीडपटीहून जास्त झाली, तीही बोटभर पिनांमुळे. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून असं पॅनल बघितलं तर पिना असतील तिथे ठिपके दिसतात.

मग पुढे आली फायबरची पिन. फायबर तुम्ही रोज बघता, बाथरूमचे दरवाजे, टाक्या, बसची आसनं. काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं प्लास्टिक. त्याला एफआरपी म्हणतात. हे पोलादाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढीच उष्णता वाहून नेतं. आपल्या हिशोबात १४०० च्या जागी १४ घाला. ४ गुणिले १४ म्हणजे ५६. पाच हजार सहाशेचे छप्पन्न झाले!

थांबा, थांबा. काच? सव्वातीन टनांची पाटी काचेवर टांगायची? पेला हातातून सुटला की काय होतं ते आपण जाणतो.

काच अशी का फुटते, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरला पडला होता. फार्नबरो इथे विमानांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत तो काम करायचा. काच तापवून त्यानं तिचे तंतू ओढले, जाड, बारीक, आणखी बारीक, आणि एकेक तोडून बघितला. गंमत अशी की तंतू जितका बारीक, तितकी त्याची दर चौरस मिलिमीटरमागची ताकद जास्त! कारण काच मुळात दुबळी नसतेच. तिच्या अंगावर न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात, आणि ओढ बसली की सगळा ताण भेगेच्या टोकाशी गोळा होतो. अगदी बारीक तंतूत मोठी भेग मावणार कुठे? १९२१ साली त्यानं हे छापलं. आज पिनेसाठी वापरतात ते तंतू केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढे बारीक असतात. असे हजारो तंतू चिकट रेझिनमध्ये, म्हणजे त्या प्लास्टिकच्या पातळ रूपात, भिजवून तापलेल्या साच्यातून ओढून घेतले की पलीकडून कडक दांडी बाहेर येते. मग कापा आणि पिना करा. लांबीच्या दिशेनं ओढलं तर अशी दांडी सळईच्या तोडीस तोड, कधी वरचढही. वजन मात्र पोलादाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास.

पण कागदावरच्या ताकदीवर कुणी भिंत उभी करत नाही. आता परीक्षा!

पहिली परीक्षा ओढण्याची. सळई ओढायचं मोठं यंत्र असतं, दोन जबडे सळईची दोन टोकं पकडतात आणि दूर जायला लागतात. सळई आधी लांबते, मग एका जागी तिचा गळा बारीक होतो आणि धाडकन आवाज करून ती तुटते. तुटायच्या आधी ती बराच वेळ सांगत असते की आता पुरे. एफआरपीची दांडी जबड्यात धरली तर जबडाच तिला चेचून टाकतो! म्हणून तिच्या टोकांवर लोखंडी नळ्या चढवून आत मसाला भरतात, आणि जबडे नळीला पकडतात. मग ओढ वाढते. दांडी फारशी लांबलेली दिसत नाही, गळा तर पडतच नाही. आतून तडतड ऐकू येते, एकेक तंतू सुटत असतो, आणि अचानक सगळी दांडी फुटून टोकाला झुपका होतो. इशारा थोडा आणि शेवट एकदम. मला विचाराल तर या पिनेचा हाच सगळ्यात वाईट स्वभाव. म्हणून तर ती जेवढं पेलू शकते त्याच्या बऱ्याच कमी ओझ्यावर वापरतात.

दुसरी परीक्षा मला फार आवडते. बाहेरची पाटी पिनेला लांबीच्या दिशेनं ओढत नाही, ती खाली सरकू बघते. तेव्हा पिनेला आडवा मार बसतो, आणि आडव्या माराला तंतू तेवढे तयार नसतात. हे मोजायला एक छोटं पॅनल ओततात, पण त्यात काँक्रीटचे तीन थर आणि मध्ये फोमचे दोन. दोन्ही फोममधून पिना. बाहेरचे दोन थर जमिनीवर टेकवायचे, मधला अधांतरी ठेवायचा आणि त्याच्या डोक्यावर यंत्रानं दाबायचं. तो किती ओझ्याला किती सरकला, हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत टिपायचं. तीन थर का? दोनच असते तर दाबल्यावर तुकडा वाकडा होऊन कलंडला असता. दोन्ही बाजूंनी सारखे असले की मधला सरळ खाली जातो.

दाबत गेलं की शेवटी काहीतरी हार मानतं. कधी पिन मोडते, कधी काँक्रीटमधून निसटते, तर कधी पिन धडधाकट राहून तिच्या भोवतीचं काँक्रीटच शंकूच्या आकारात उखडून येतं. नमुना फोडल्यावर यातलं काय झालं ते नीट बघून लिहून ठेवायचं. इथे एक लबाडीही उघडी पडते. नव्या पॅनलमध्ये फोम काँक्रीटला घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे बरंचसं ओझं तोच उचलतो आणि शाबासकी मिळते पिनेला! वर्षानुवर्षं तापून-निवून ही पकड सुटली तर? म्हणून काही नमुन्यांत फोम आणि काँक्रीटच्या मध्ये प्लास्टिकचा कागद घालतात, चिकटूच देत नाहीत. मग पिनेची खरी ताकद कळते.

आता तुमची प्रयोगशाळा. जुन्या वहीचे दोन सारखे पुठ्ठे घ्या. एकावर एक नुसते ठेवा आणि त्यांच्या जाडीवर, म्हणजे कडेवर, पेनानं सरळ आडवी खूण करा, दोन्ही पुठ्ठ्यांवरून जाणारी. खूण टोकाजवळ करा. आता दोन्ही मिळून वाकवा आणि खुणेकडे बघा. ती तुटली! वरचा पुठ्ठा एकीकडे सरकला, खालचा दुसरीकडे. आता तेच पुठ्ठे फेविकॉलनं चिकटवा, वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी वाकवून बघा. किती जोर लागतो! सुटे दोन पुठ्ठे एकाच्या दुप्पट ताठ असतात, चिकटवलेले मात्र आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. दोनाचा घन आठ.

पॅनलचंही हेच. पिना दोन पाट्यांना जितकं सरकू देणार नाहीत तितकं पॅनल ताठ, वारा ढकलेल तेव्हा कमी वाकेल. हे मोजायला अख्खं पॅनल दोन टेकूंवर आडवं ठेवून जॅकनं दाबतात.

तुम्ही म्हणाल, मग पिना भरपूर घाला, जाड घाला, पाट्यांना हलूच देऊ नका! इथेच खरी मेख आहे. आपल्याकडच्या मे महिन्यातली दुपार आणा डोळ्यांसमोर. बाहेरची पाटी उन्हानं आतल्यापेक्षा ३० अंशांनी जास्त तापली. काँक्रीट तापलं की वाढतं, ६ मीटर लांबीला जवळजवळ २ मिलिमीटर. आतली पाटी गारच, ती वाढत नाही. दोघींना जखडून टाकलं तर पॅनल बाहेरच्या अंगाला फुगतं, रात्री परत बसतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सांधे उघडतात, चिरा पडतात. म्हणजे पिनेनं धरायचंही आणि थोडं सोडायचंही! म्हणून पिनांचे प्रकार निघाले. काही सरळ काड्यांसारख्या, थोड्या वाकणाऱ्या. काही फुलीसारख्या तिरक्या, पाट्यांना फारसं सरकू न देणाऱ्या. जागा बघून निवडायचं.

पुढची परीक्षा रसायनांची, आणि तिला वेळ लागतो. काँक्रीट आतून चांगलंच अल्कलीयुक्त असतं. पोलादाला ते मानवतं, त्याच्यामुळे आतली सळई सहजी गंजत नाही. काचेचं मात्र ते वैरी! अल्कली काचेला हळूहळू खातं. तंतूंभोवतीचं रेझिन हे चिलखत, त्याला तडा गेला की संपलं. पण पन्नास वर्षं वाट कोण बघणार? म्हणून पिना काँक्रीटच्या पाण्यासारख्याच अल्कली द्रावणात बुडवून ६० अंशांवर महिनोन्‌महिने ठेवतात. ऊब मिळाली की रासायनिक क्रिया भराभर होते, त्यामुळे काही महिन्यांत म्हातारपण दिसायला लागतं. मग बाहेर काढून पुन्हा तोडून बघायचं, किती ताकद उरली. जालन्यात आता मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं कॅम्पस आहे. रेझिन आणि प्लास्टिकचं शास्त्र शिकायचं असेल तर फार लांब जायला नको.

आणखी एक परीक्षा नुसती टांगून ठेवण्याची. पिनेवर ओझं टाकायचं आणि काहीच करायचं नाही, फक्त मोजत राहायचं. प्लास्टिक सततच्या ओझ्याखाली अगदी सावकाश ओघळतं, तुमच्या दप्तराचा पट्टा वर्षअखेरीस लांबतो ना, तसंच काहीसं. आगीची परीक्षाही असते. तिचं थोडक्यात सांगायचं तर तापलं की रेझिन लवकर मऊ पडतं, तेव्हा पिनेच्या टोकावर काँक्रीटचं पुरेसं पांघरूण हवं.

आता कुणी जालनेकर रुसला असेल, की आमच्या पोलादाला बाहेर काढलं! रुसू नका. दोन्ही पाट्यांच्या आत सळयांची जाळी असतेच, तिच्याशिवाय काँक्रीट क्रेननं उचलतानाच तडकेल. पिन तेवढी काचेची.

एका बाबतीत मात्र पोलाद सरळ जिंकतं. इमारत पाडली की त्यातल्या सळया भंगारात जातात, भट्टीत वितळतात आणि पुन्हा नव्या सळया होऊन बाहेर पडतात. कितीही वेळा! एफआरपीच्या पिनेचं तसं नाही. तिच्यातलं रेझिन एकदा कडक झालं की पुन्हा वितळत नाही, भट्टीत घातलं तर जळून धूर होतो. दळून भर म्हणून वापरता येते, पण दळलेले तंतू तोकडे होतात आणि त्यांची पहिली ताकद जाते. पुन्हा वितळेल किंवा सुटं करता येईल असं रेझिन बनवायच्या मागे जगभरचे रसायनशास्त्रज्ञ लागलेत. काही प्रकार प्रयोगशाळेबाहेरही आलेत, पण त्यांनाही आधी त्या साठ अंशांच्या द्रावणात महिनोन्‌महिने डुंबावं लागणार आहे.